विजेचा टाका

कापडातून वीज खेळवण्याच्या सुरुवातीच्या गाजलेल्या प्रयोगांत एक कापड आपल्या देशातलं होतं. १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये रेमी पोस्ट आणि मॅगी ऑर्थ यांनी भारतात विणला जाणारा रेशमी ऑर्गन्झा वापरला. त्याचे उभे धागे साध्या रेशमाचे, तर आडव्या धाग्यांवर धातूची बारीक पत्री गुंडाळलेली. आडवे धागे एकमेकांना टेकत नाहीत, त्यामुळे प्रत्येक धागा म्हणजे आयती वेगळी तार! याच मंडळींनी डेनिमच्या जाकिटावर पोलादी धाग्याने बटणं भरली. ती दाबली की सूर वाजत.

प्रयोगशाळेतली ही गंमत घरोघरच्या शिवणाच्या डब्यात आणली ती लीया बीकली यांनी. कोलोरॅडो विद्यापीठात असताना त्यांनी लिलीपॅड हा कापडावर शिवता येणारा इलेक्ट्रॉनिक बोर्ड घडवला आणि २००७मध्ये स्पार्कफन कंपनीने तो बाजारात आणला. पाच सेंटिमीटर व्यासाची गोल, पातळ चकती. कडेने पाकळ्या, प्रत्येक पाकळीला भोक. डाख द्यायचा नाही, भोकातून टाके घालायचे. ज्यांनी सोल्डरिंग आयर्न कधी हातात धरली नव्हती, अशा कितीतरी मुली आणि बाया त्यामुळे इलेक्ट्रॉनिक्सकडे वळल्या.

तरी हे शिकायला बसल्यावर पहिल्याच दिवशी लिलीपॅड विकत घेऊ नये, असं माझं मत आहे. आधी एक दिवा पेटवावा. घट्ट विणीचं सुती कापड, तीन व्होल्टची गोल चपटी बॅटरी, तिचं शिवता येणारं घर, टाके घालायला भोकं असलेला एलईडी आणि स्टीलचा विद्युतवाहक धागा एवढं पुरे. स्टीलऐवजी जुनी चांदीची जरही वीज वाहू शकते. दुकानातली प्लॅस्टिकची जर बहुधा नाही.

बॅटरीच्या धन टोकापासून दिव्याच्या धन टोकापर्यंत साधा धावदोरा घालायचा. भोकातून तीन-चार वेढे घट्ट घेतले की जोड पक्का होतो. आता धागा तोडायचा. नवशिक्याचा हात इथेच चुकतो: साध्या शिवणाच्या सवयीने तो तोच धागा दिव्याखालून त्याच्या ऋण टोकातून पुढे बॅटरीच्या ऋण टोकापर्यंत नेतो. मग वीज दिव्यातून कशाला जाईल? सोप्या वाटेने परस्पर निघून जाते, दिवा मिणमिणतही नाही आणि बॅटरी मात्र उतरते. म्हणून दिव्याच्या ऋण टोकापासून बॅटरीच्या ऋण टोकापर्यंत नवा धागा, नवी गाठ. विद्युतवाहक धाग्याला वेष्टन नसतं. दोन्ही रांगा कुठेही एकमेकींना टेकता कामा नयेत, कापडाच्या मागच्या बाजूलासुद्धा. स्टीलचा धागा ताठर, त्याची गाठ सुटते; तिच्यावर नेलपॉलिशचा थेंब लावावा आणि लोंबणारी टोकं जवळून कापावीत.

दुसरा दिवा पहिल्याला समांतर जोडावा, म्हणजे धनला धन आणि ऋणला ऋण. साध्या एलईडींत लाल आणि निळा एकत्र लावला, तर लालच झगमगतो. त्याला कमी व्होल्ट पुरतात आणि निळ्याच्या वाट्याला फारसं काही उरत नाही.

धुताना बॅटरी काढून हाताने धुवावं आणि खडखडीत वाळवूनच ती परत घालावी. घरात लहान मूल असेल तर बॅटरीचं घर स्क्रूने बंद होणारंच घ्या. ही बॅटरी गिळली गेली आणि घशात अडकली, तर दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते. तशी नुसती शंका आली तरी थेट रुग्णालय गाठा.