सात हजार तासांची छिन्नी

डायनासोरच्या नव्या जातीचं बारसं होतं, तेव्हा नावाचा मान बहुधा तो शोधणाऱ्याला मिळतो, नाहीतर एखाद्या नामवंत प्राध्यापकाला किंवा जवळच्या गावाला. 2017 साली कॅनडातल्या अल्बर्टा प्रांतात एका जातीचं नाव ठेवलं गेलं ‘बोरिआलोपेल्टा मार्कमिचेली’. यातले मार्क मिचेल हे रॉयल टिरेल संग्रहालयातले तंत्रज्ञ. त्यांनी जीवाश्म शोधला नव्हता. दगडात अडकलेला तो प्राणी त्यांनी कणाकणाने मोकळा केला. साडेपाच वर्षं, सुमारे 7,000 तास. मला हे नामकरण फार योग्य वाटतं. या डायनासोरबद्दल आज जे काही सांगता येतं, ते सगळं मिचेल यांच्या हातांखालून गेलेलं आहे.

हा प्राणी सापडला 21 मार्च 2011 रोजी, फोर्ट मॅकमरी शहराजवळच्या सनकोर कंपनीच्या मिलेनियम खाणीत. डांबरासारख्या दाट तेलाने माखलेली वाळू खणून काढण्याचं काम तिथे चालतं. शॉन फंक हे यंत्रचालक अजस्र खोदयंत्राने दरड फोडत असताना वेगळ्याच रंगाचे, ठरावीक नक्षीचे दगड खाली आले. फंक यांनी यंत्र थांबवलं आणि वरिष्ठांना बोलावलं. अल्बर्टात सापडलेला जीवाश्म कायद्याने प्रांताच्या मालकीचा असतो आणि तो कळवणं बंधनकारक असतं, त्यामुळे खबर थेट संग्रहालयात पोहोचली. या खाणीत पूर्वी सापडले होते ते समुद्री सरपटणारे प्राणी, कारण इथले थर समुद्राच्या तळाचे. या वेळी मात्र फोटोंतून दिसला तो जमिनीवर राहणारा, अंगावर चिलखत असलेला नोडोसॉर.

तो बाहेर काढताना मोठा घात होता होता टळला. खडकाचा प्रचंड ठोकळा उचलला आणि तो स्वतःच्याच वजनाने फुटला. माणसांनी तुकडे गोळा केले, प्लास्टरमध्ये गुंडाळले आणि सुमारे 700 किलोमीटरवरच्या ड्रमहेलर गावी संग्रहालयात नेले.

मग सुरू झालं मिचेल यांचं काम. हवेच्या दाबावर चालणारी, हातात पेनासारखी धरायची छिन्नी घेऊन खडक टिपत जायचा. अडचण अशी की भोवतीचा खडक काँक्रीटसारखा टणक, आणि आतला जीवाश्म त्याहून मऊ. हात जरा जास्त दाबला गेला, तर अकरा कोटी वर्षं टिकलेली कातडी भुकटी होऊन उडून जाणार. त्यातून फुटलेले तुकडे एकमेकांशी जुळवायचे, कडा न दुखावता. अशा कामाचा शोधनिबंधात फार तर एका ओळीत उल्लेख होतो.

मोकळा झालेला प्राणी मात्र थक्क करणारा आहे. नाकाच्या शेंड्यापासून कमरेपर्यंतचा भाग जवळजवळ जिवंतपणीच्याच आकारात आहे. जिवंत असताना लांबी सुमारे साडेपाच मीटर आणि वजन अंदाजे 1,300 किलो असावं. खांद्यांवर भले मोठे काटे. चिलखती डायनासोर मेला की कातडी कुजते आणि तिच्यात रुतलेल्या हाडाच्या ढाली इतस्ततः पसरतात. त्या कोणत्या क्रमाने बसवायच्या, हा अभ्यासकांचा जुना झगडा. इथे ओळी जागच्या जागी आहेत आणि मधली खवल्यांची कातडीही शिल्लक आहे. इतकंच नव्हे, तर बैलाच्या शिंगाच्या हाडावर केराटिनची खोळ असते तशा खोळींचे अवशेषसुद्धा या ढालींवर टिकले आहेत. काटे हाडावरून दिसतात त्यापेक्षा प्रत्यक्षात किती लांब होते, हे त्यामुळे मोजता आलं.

हे टिकलं कसं? मेलेलं धूड बहुधा नदीच्या पाण्याबरोबर समुद्रात गेलं, पोटातल्या वायूंमुळे काही काळ तरंगलं आणि शेवटी पाठीवर पडून तळाच्या चिखलात रुतलं. भोवती लोहयुक्त खनिजाचं, म्हणजे सिडेराइटचं कवच लवकर तयार झालं. कुजणं थांबलं, आणि वरच्या थरांच्या दाबाने प्राणी चपटाही झाला नाही.

कातडीवरच्या काळपट थराच्या रासायनिक तपासणीत तांबूस रंगद्रव्याच्या खुणा मिळाल्या. 2017 च्या निबंधातलं अनुमान असं, की प्राणी पाठीकडे गडद तांबूस-तपकिरी आणि पोटाकडे फिकट असावा. असा छायाभेद शिकाऱ्याच्या नजरेतून सुटण्यासाठी उपयोगी पडतो. आजच्या हत्ती-गेंड्यांत तो दिसत नाही, कारण मोठं झाल्यावर त्यांना फारसा शत्रू उरत नाही. म्हणजे तेराशे किलोच्या चिलखतधाऱ्यालाही लपावं लागत होतं, इतके भयंकर शिकारी तेव्हा होते. रंगाचा पुरावा हाडाच्या पुराव्याइतका भक्कम मानू नये, असं मला वाटतं. पण प्रश्न विचारता येतो, हेच मोठं आहे.

मला सर्वांत भावतं ते त्याचं शेवटचं जेवण. पोटात खाल्लेल्या पाल्याचा गोळा दगड होऊन राहिला होता. त्याचे पातळ काप करून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तेव्हा पानांच्या पेशीसुद्धा दिसल्या. 2020 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार या गोळ्यातल्या वनस्पतींत 88 टक्के चावलेली पानं होती, आणि तीही बहुतेक नेच्यांची. आसपास सूचिपर्णी वृक्ष आणि सायकड असूनही गडी नेचेच निवडून खात होता. सोबत अन्न दळणारे जठरातले खडे होते, आणि कोळशाचे कणही. वणव्यानंतर नव्याने फुटलेल्या रानात तो चरला असणार. काटक्यांची वाढ आणि नेच्यांच्या बीजाणुकोशांची अवस्था पाहून मृत्यूचा हंगामही सांगता आला: वसंताची अखेर ते मधला उन्हाळा.

पोटातला पुरावा असा क्वचितच हाती लागतो. एरवी डायनासोरांचा आहार कळतो तो दात-जबड्यांवरून, किंवा विष्ठेच्या जीवाश्मांवरून. आणि इथे आपल्या चंद्रपूर जिल्ह्याचं नाव अभिमानाने घ्यायला हवं. वरोऱ्याजवळच्या पिसदुऱ्याला लॅमेटा थरांत असे विष्ठाश्म मिळतात. त्यांत वंदना प्रसाद, अशोक साहनी आणि सहकाऱ्यांना गवताचे सूक्ष्म सिलिकाकण सापडले. 2005 साली ‘सायन्स’ नियतकालिकात हे प्रसिद्ध झालं आणि डायनासोरांच्या काळात गवत होतं, हे जगाला मान्य करावं लागलं. ओबडधोबड, मातकट गोळ्यांनी गवताचा इतिहास मागे नेला.

म्हणून विदर्भातल्या वाचकांना एक विनंती. शेतात, नाल्यात किंवा विहिरीच्या खोदकामात हाडासारखा, अंड्यासारखा किंवा चमत्कारिक आकाराचा दगड दिसला, तर तो उचलून दिवाणखान्यात ठेवू नका आणि विकूही नका. जागेवरून हलवलेला जीवाश्म अर्धी माहिती गमावून बसतो. फोटो काढा, शेजारी मापासाठी पट्टी ठेवा, जागा नीट नोंदवा आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या नागपूर कार्यालयाला किंवा जवळच्या महाविद्यालयाच्या भूशास्त्र विभागाला कळवा.