साप चावला तर आधी जवळचा दवाखाना



गळीत हंगाम तोंडावर आला की आम्ही ऊस विकास विभागाची माणसे लागणीच्या तारखा आणि तोडणीचा क्रम याच गोष्टी बोलत असतो. या वेळी विषय निराळा आहे. पाचटात, बांधावर, रात्री पाणी भरताना साप चावतो. त्यानंतरच्या तास-दोन तासांत रोगी कोठे नेला, यावर त्याचे जगणे-मरणे ठरते. भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे दगावली, असा तज्ज्ञांचा अंदाज आहे. त्यांतली बहुतेक खेड्यापाड्यांतली.

आपल्याकडे अशा वेळी दोन वाटा धरतात. एक भगताची, दुसरी थेट जळगावच्या मोठ्या दवाखान्याची. पहिल्या वाटेत वेळ वाया जातो, हे आता पुष्कळांना पटले आहे. दुसऱ्या वाटेतही तो जातो, हे मात्र लक्षात येत नाही. धरणगावाहून जळगाव सुमारे ३० किलोमीटर. शिवारातून पक्क्या रस्त्याला लागेपर्यंतचा वेळ वेगळाच. आणि धरणगावचे सरकारी रुग्णालय मात्र "तिथं काय असणार?" म्हणून मागे टाकले जाते.

तर अशा ठिकाणी काय होऊ शकते, ते बघा. ग्रामीण रुग्णालय साधारणपणे ३० खाटांचे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांच्या विषावर एकच प्रतिविष चालते आणि ते शिरेतून तेथेच देता येते. घोणस किंवा फुरसे चावले की रक्त गोठेनासे होते. हे ओळखायला मोठे यंत्र लागत नाही. काचेच्या स्वच्छ, कोरड्या नळीत थोडे रक्त घेऊन २० मिनिटे न हलवता ठेवतात. गोठले नाही, की विष भिनले असे समजावे. नाग-मण्यारीच्या विषाने पापण्या जड होतात, श्वास अडतो. तेव्हा हाताने दाबायच्या पिशवीने श्वास चालू ठेवून, पहिला डोस देऊन रोगी जळगावला पाठवता येतो. विना-उपचार पाठवणे आणि उपचार सुरू करून पाठवणे, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

लहान दवाखान्याला कमी लेखणाऱ्यांनी महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर आठवावेत. रायगड जिल्ह्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करताना त्यांनी विंचूदंशाचे रोगी रात्र-रात्र जागून पाहिले. प्राझोसिन हे रक्तदाबावरचे साधे औषध त्यावर गुणकारी ठरते, हे त्यांनी दाखवले आणि १९८० च्या दशकात 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात मांडले. हे ज्ञान खेड्यातल्या खाटेपाशी उभे राहून मिळालेले आहे. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

पण प्रतिविष कपाटात असेल तरच उपयोग. तहान लागल्यावर विहीर खणून भागत नाही. म्हणून हंगामापूर्वी प्रत्येक गटातल्या दोघा-चौघांनी जवळच्या केंद्रात जाऊन विचारावे : प्रतिविष आहे का, रात्री डॉक्टर असतात का? नसतील तर रुग्ण कल्याण समितीकडे लेखी मागणी करावी. विचारणारे असले की पुरवठ्याकडेही लक्ष राहते.

मुकादम, चिटबॉय आणि टोळीतल्या बायाबापड्यांना पुढील गोष्टी समजावून सांगाव्यात :

१) चावलेला हात-पाय हलवू नये, रोग्याला चालवू नये. आवळून दोरी बांधू नये, चिरा देऊ नये, विष चोखू नये.

२) चावल्याची वेळ लक्षात ठेवावी. साप मारण्यात वेळ दवडू नये.

३) १०८ क्रमांकावर फोन करावा. ही रुग्णवाहिका मोफत आहे. उशीर होणार असेल तर मिळेल त्या वाहनाने निघावे.

४) कोपीत जमिनीवर निजताना मच्छरदाणी अंथरुणाखाली खोचावी. मण्यार रात्री चावते आणि पुष्कळदा सूजही येत नाही. पहाटे कुणाचे पोट दुखू लागले, पापण्या मिटू लागल्या, तर सर्पदंशाची शंका घ्यावी.

ऊस एखादा दिवस उशिरा तुटला तर उताऱ्यात थोडे नुकसान होईल, ते पुढे भरून काढता येते. तोडणाऱ्याचा जीव गेला तर तो भरून निघत नाही.