व्हिसाची मुदत व वास्तव्याची मुदत

परदेशी असलेल्या आजारी मातापित्यांच्या शुश्रूषेस जाणाऱ्यास आजाराची मुदत ठाऊक नसते. कायदा मात्र त्याच्या मुक्कामाची मुदत आधीच आखून ठेवतो. येथे दोन गोष्टींची गल्लत होते: व्हिसाचा वैधताकाल आणि प्रत्यक्ष वास्तव्याची परवानगी.

भारतीय नागरिकास अमेरिकेचा ‘बी-२’ व्हिसा १० वर्षांचा मिळू शकतो. परंतु प्रत्येक खेपेचे वास्तव्य प्रवेशाच्या वेळी तेथील अधिकारी ठरवितो, आणि ते सामान्यतः ६ महिन्यांचे असते. ही मुदत संपण्यापूर्वी ‘आय-५३९’ अर्जाद्वारे वाढ मागता येते. ब्रिटनचा अभ्यागत व्हिसा २, ५ वा १० वर्षांचा असला, तरी एका खेपेस ६ महिन्यांहून अधिक राहता येत नाही. आप्तांची शुश्रूषा हे मुदतवाढीचे नियमित कारण नव्हे. शेंगेन देशांत अल्पकालीन व्हिसावर कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसच मिळतात. फ्रान्सचा दीर्घ वास्तव्याचा अभ्यागत व्हिसा वर्षापर्यंतचा असतो; त्यासाठी निर्वाहाची तरतूद दाखवावी लागते व तेथे नोकरी न करण्याची हमी द्यावी लागते. हा अर्ज मात्र प्रस्थानापूर्वीच करावयाचा असतो.

तात्पर्य, आजार लांबण्याचा संभव दिसताच वैद्यकीय दाखला हाती घेऊन मार्गाची निवड घरूनच करणे इष्ट होय.