फायलींची भांगलण

आष्ट्याच्या शिवारात उसाची भांगलण चाललेली तुमच्यापैकी काहींनी पाहिली असेल. खुरपे चालविताना नजर जमिनीवरून ढळू द्यायची नसते, कारण उसाच्या सऱ्यांत कधी हरभऱ्याचे, कधी भुईमुगाचे आंतरपीकही असते. ‘जे ऊस नाही ते तण’ असा नियम लावला, तर तणाबरोबर हरभराही उपटला जाईल! संगणकातील फायलींची साफसफाई करतानाही नेमका हाच धोका असतो. तो कसा, ते पाहू.

अनेकांनी मिळून एखादी आज्ञावली, म्हणजे प्रोग्रॅम, लिहायची तर कोणी, केव्हा, काय बदलले याची नोंद ठेवावी लागते. हे काम आवृत्ती-नियंत्रण प्रणाली करते. अशा प्रणालींपैकी ‘गिट’ आज सर्वत्र वापरली जाते. लिनक्सच्या विकासासाठी लिनस टॉरवाल्ड्स यांनी ती २००५ मध्ये तयार केली.

समजा, तुम्ही आणि तुमचे मित्र शाळेच्या पर्जन्यमापकातील रोजच्या आकड्यांवरून सरासरी काढणारी आज्ञावली लिहीत आहात. तुमच्या फोल्डरमधील फायली गिटच्या दृष्टीने तीन प्रकारच्या असतात. पहिल्या नोंदलेल्या, ‘यांवर लक्ष ठेव’ असे तुम्ही गिटला सांगितलेले असते. दुसऱ्या दुर्लक्षित; त्यांची नावे वा नमुने ‘गिटइग्नोर’ या यादीत तुम्हीच लिहिलेले असतात. उरलेल्या सर्व अनोंदित. ‘गिट स्टेटस’ ही आज्ञा दिली, की अनोंदित फायलींची नावे पडद्यावर दिसतात.

या अनोंदित फायली काढायच्या कशासाठी? त्यांत जुन्या चाचण्यांचे निकाल आणि तात्पुरत्या प्रती साठतात. कधी आज्ञावली अशाच एखाद्या जुन्या फायलीच्या आधारावर चालत असते. तुमच्या संगणकावर उत्तर बरोबर येते. पण मित्राने नोंदलेली प्रत घेतली, की त्याच्याकडे ती फाईल नसल्याने काम अडते. फोल्डर स्वच्छ करून आज्ञावली पुन्हा चालविली, म्हणजे ही उणीव आपल्याच घरी उघडकीस येते.

या सफाईची आज्ञा म्हणजे ‘गिट क्लीन’. नुसती एवढीच आज्ञा दिली, तर गिट सहसा काहीही पुसत नाही. ‘एफ’ हे अक्षर जोडून सक्तीची आज्ञा द्या, असे सांगते. ही अडवणूक मुद्दाम ठेवलेली आहे. ‘डी’ जोडले तर अनोंदित फोल्डरही जातात. ‘एक्स’ जोडले तर दुर्लक्षित फायलींचीही गय होत नाही. त्यांत तुमची खाजगी सेटिंग्जही असू शकतात.

येथे एक गोष्ट नीट समजून घ्या. नोंदलेली फाईल चुकून पुसली, तरी शेवटी ‘कमिट’ केलेली प्रत गिटकडून परत मिळविता येते. जी फाईल गिटला कधी दिलीच नाही, तिची प्रत त्याच्याजवळ असणार कोठून? शिवाय ‘गिट क्लीन’ने पुसलेली फाईल कचरापेटीतही जात नाही. काल रात्री टिपलेले पावसाचे आकडे नव्या फाईलमध्ये असतील आणि ती नोंदायची राहिली असेल, तर ते आकडे गेलेच! फाईल ‘अनोंदित’ आहे एवढेच गिटला कळते. ती निरुपयोगी आहे की नाही, हे ठरविणे माणसाचे काम आहे.

म्हणून आधी ‘एन’ हे अक्षर जोडून आज्ञा द्या. आता काहीच पुसले जात नाही. काय काय पुसले जाईल, त्याची यादी तेवढी मिळते. यादीतले प्रत्येक नाव वाचा. हवी असलेली फाईल दिसली, तर ती ‘गिट अ‍ॅड’ने नोंदवून कमिट करा. मगच ‘एन’च्या जागी ‘एफ’ लिहा.

हे करून पाहावयाचे असेल, तर एक रिकामे फोल्डर घ्या, त्यात ‘गिट इनिट’ ही आज्ञा द्या आणि तीन-चार बिनमहत्त्वाच्या फायली तयार करा. त्यांतली एक नोंदवून कमिट करा. ‘एन’ लावून येणाऱ्या यादीत कोणती नावे असतील, ते आधी कागदावर लिहा आणि मग पडताळून पाहा.