ड्रॅगन पटला, तलवार पटली नाही

ख्रिस्तोफर पाओलिनी याने ‘एरागॉन’ ही कादंबरी वयाच्या १५व्या वर्षी लिहायला घेतली. २००२ मध्ये ती घरच्यांनीच छापली, आणि पुढच्याच वर्षी एका मोठ्या प्रकाशनाने ती जगभर नेली. हे कौतुकाचेच. तरी वाचून माझी निराशा झाली. का, ते सांगतो.

एरागॉन हा शेतकऱ्याघरचा मुलगा. त्याला सापडलेल्या निळ्या अंड्यातून ड्रॅगन बाहेर येतो. हे मी सहज मानले. जादूचा नियम तर फारच आवडला: जे काम हाताने करायला जितकी शक्ती लागते, तितकीच ते जादूने करतानाही खर्च होते. फुकट काहीच नाही.

पण तलवार? ती त्याला प्रवासात, काही महिन्यांतच, मुरलेल्या योद्ध्याइतकी येते. लिहिलेले वाचायला तो आठवडाभरात शिकतो. इथे लेखक स्वतःचाच नियम विसरतो.

बंगळुरूच्या आपल्या मैदानावर सगळ्या तुकडीचे ‘पीछे मुड’ एकाच ठोक्यात पडायला किती दिवस लागतात, ते उस्तादांना विचारा! अद्भुतकथेत काहीही घडू शकते, पण कष्टाशिवाय आलेले कौशल्य खोटे वाटते. मित्रांनो, पुस्तक जरूर वाचा. फक्त नायकाने प्रत्येक विजयाची किंमत मोजली का, हे पाहत वाचा.