नाव बरोबर, पत्ता जुना

घाटकोपरच्या आमच्या दुकानात एका सोमवारी सकाळी बिलच निघेना. तागे बांधून तयार, टेम्पो दारात उभा, आणि हिशेबाचा प्रोग्राम मात्र मुख्य संगणक सापडत नाही म्हणून अडून बसलेला. इंटरनेट तर व्यवस्थित चालू होते. दुपारी कारण कळले. ते व्यापारी बंधूंनी समजून घेण्यासारखे आहे.

नेटवर्कवरील प्रत्येक संगणकाला आकड्यांचा पत्ता असतो. आकडे लक्षात राहत नाहीत म्हणून नावे देतात. नावावरून आकडा शोधण्याची डीएनएस ही व्यवस्था पॉल मॉकापेट्रिस यांनी १९८३ साली मांडली. आपल्या 'डॉट इन' नावांची वही सुरुवातीची अनेक वर्षे जुहूच्या एनसीएसटी या संस्थेकडे होती. २००५ पासून ती निक्सीकडे आहे.

आपला प्रोग्राम मात्र ही वही स्वतः उघडत नाही. संगणकाच्या मूळ यंत्रणेत नेहमीच्या कामांचा तयार साठा असतो, त्याला लायब्ररी म्हणतात. पत्ता शोधणारा मुनीम तिथेच बसलेला असतो आणि बहुतेक प्रोग्राम त्यालाच विचारतात. तो चुकला की सारी पेढी चुकते. प्रोग्राम लिहिणाऱ्याला हा मुनीम बदलता येत नाही. त्याच्या चुकीला वळसा घालून काम काढावे लागते.

या मुनिमाच्या चुका कशा असतात ते पाहा. 'गेटहोस्टबायनेम' हा जुना मुनीम उत्तर एकाच पाटीवर लिहितो. दोघांनी एकदम विचारले की पहिल्याचे उत्तर पुसून दुसऱ्याचे पडते. वळसा असा की एका वेळी एकानेच विचारायचे आणि उत्तर लगेच आपल्या वहीत उतरवून घ्यायचे.

लिनक्सवरील याच मुनिमाची एक मोठी चूक क्वालिस कंपनीने जानेवारी २०१५ मध्ये जाहीर केली. ती २००० सालापासून तिथे होती. २०१३ मध्ये ती दुरुस्तही झाली होती. पण तिचा धोका कोणी ओळखला नाही, म्हणून जुन्या आवृत्त्या वापरणाऱ्या अनेकांपर्यंत दुरुस्ती पोहोचलीच नाही.

फेब्रुवारी २०१६ मध्ये 'गेटअ‍ॅड्रइन्फो' या नव्या मुनिमाचा दोष जाहीर झाला. उत्तरासाठी त्याने २०४८ बाइट जागा राखली होती. मुद्दाम लांबलचक उत्तर पाठवून परक्या माणसाला त्या संगणकावर आपला हुकूम चालवता येण्याचा धोका होता. दुरुस्ती बसेपर्यंत तजवीज अशी की ठरावीक मापापेक्षा मोठे उत्तर दारातच अडवायचे.

आमच्या दुकानातला वळसा याहून साधा होता. वर्षभरापूर्वी त्या संगणकाचा नावशोध अधूनमधून अडखळत असे. दुरुस्ती करणाऱ्याने 'होस्ट्स' नावाच्या फाईलमध्ये मुख्य संगणकाचे नाव आणि आकडा लिहून ठेवला. संगणक साधारणपणे आधी ही फाईल पाहतो, बाहेर नंतर विचारतो. काम सुरळीत झाले. पण ही गोष्ट त्याने सांगितली नाही आणि आम्ही विचारली नाही. त्या रविवारी मुख्य संगणकाचा आकडा बदलला. इतरांना नवा पत्ता मिळाला, आमचा संगणक मात्र जुन्याच दारावर थाप मारत राहिला. ती एक ओळ पुसताच बिल निघाले. तोवर टेम्पोवाला दुसरे भाडे घेऊन गेला होता.

असा इलाज म्हणजे हातउसने पैसे. अडचणीत घ्यावेच लागतात, पण वहीत नोंद हवी. म्हणून कोणी असा वळसा घातला तर तारीख, कारण आणि केलेला बदल लिहून घ्या. मूळ दुरुस्ती आली की ती बसवा आणि संगणक बंद करून पुन्हा सुरू करा, कारण चालू असलेले प्रोग्राम तोवर जुन्याच मुनिमाला विचारत राहतात. शेवटी वळसा काढून टाका आणि वहीतली नोंद खोडा. उसनवारी फेडली तरच हिशेब चुकता झाला म्हणायचा.