घाटात रमणारी जुनी गाडी कशी निवडावी

दोन दारं, मागे उतरत गेलेलं छप्पर आणि जमिनीलगतची बैठक असं कूपे गाडीचं रूप असतं. भारतात मर्यादित पैशांत अशी गाडी शोधायला निघालं की बहुधा बऱ्याच वर्षांपूर्वी आयात झालेल्या जर्मन गाड्या समोर येतात. त्यांची किंमत उतरलेली असते, पण सुट्या भागांच्या किमती उतरलेल्या नसतात. चाळीस-पन्नास लाखांच्या गाडीचं सस्पेन्शन ती सेकंडहँड झाली तरी त्याच गाडीचं राहतं, आणि त्याचं बिलही. म्हणून सहा लाखांच्या आसपास बजेट असेल तर या गाड्यांपासून दूर राहावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

कूपेत मजा कशाने येते ते आधी पाहू. गाडी हलकी असते, वळणावर कमी झुकते, स्टिअरिंग फिरवताच नाक वळतं आणि पायाखाली पुरेशी ताकद असते. हे चारही गुण छोट्या हॅचबॅकमध्ये सापडतात. अशा काही चांगल्या गाड्या तर आपल्या पुणे जिल्ह्यातच तयार झाल्या: फोक्सवॅगन पोलो चाकणला आणि फियाटची अबार्थ पुंटो रांजणगावला. दारं चार असली तरी ताम्हिणीच्या वळणावर त्याचा काही फरक पडत नाही.

आपल्याला मजा कुठे हवी आहे, हे सर्वांत आधी ठरवा. रोज हिंजवडी किंवा ठाण्याच्या गर्दीतून जाऊन रविवारी घाट गाठायचा असेल तर एक गाडी योग्य ठरते. घरी दुसरी गाडी असेल आणि ही फक्त सुट्टीसाठी असेल तर वेगळी. पुढचे बरेचसे निर्णय याच उत्तरावर अवलंबून आहेत.

मग पैशांची वाटणी करा. सहा लाख हाताशी असतील तर गाडी पाच लाखांपर्यंतची बघा आणि एक लाख बाजूला ठेवा. चार टायर, बॅटरी, सगळी तेलं, ब्रेकपॅड, विमा आणि नाव बदलण्याचा खर्च त्यातून होईल. बहुतेक जण सगळे पैसे गाडीत घालतात आणि मग झिजलेल्या टायरांवर घाट चढतात. जोरकस गाडीच्या बाबतीत ही चूक जिवावर बेतू शकते.

आता गाड्यांकडे येऊ. इथे थोडं थांबायला हवं, कारण यातल्या प्रत्येकीचा स्वभाव आणि दुखणं निराळं आहे.

पोलो जीटी टीएसआय २०१३ मध्ये आली. तिच्यात १.२ लिटरचं टर्बो इंजिन होतं, १०५ पीएस ताकदीचं. टर्बो म्हणजे सायलेन्सरकडे जाणाऱ्या वायूंच्या जोरावर फिरणारा पंखा. तो इंजिनात जादा हवा कोंबतो, म्हणून लहान इंजिनही मोठ्यासारखं ओढतं. तिचा गिअरबॉक्स मात्र नीट समजून घ्या. त्यात दोन क्लच असतात. एक विषम गिअर सांभाळतो आणि दुसरा सम, त्यामुळे पुढचा गिअर आधीच तयार राहतो आणि बदल झटक्यात होतो. हे क्लच कोरडे असतात, म्हणजे थंड ठेवायला त्यांच्याभोवती तेल नसतं. गोगलगायीच्या वेगाने सरकणाऱ्या गर्दीत ते तापतात आणि झिजतात. गिअर बदलणारं नियंत्रण युनिट बिघडलं तर खर्च लाखाच्या घरात जाऊ शकतो. रोजच्या गर्दीसाठी २०२० नंतरची १.० लिटर टीएसआय पोलो अधिक निर्धास्त. तिच्यात ११० पीएस आहेत आणि साधा हातगिअरही मिळतो. पोलोचं उत्पादन २०२२ मध्ये थांबलं, पण भाग अजून सहज मिळतात.

अबार्थ पुंटो २०१५ मध्ये आली. १.४ लिटर टर्बो, १४५ पीएस, चारही चाकांना डिस्क ब्रेक. स्टिअरिंग तेलाच्या दाबावर चालणारं असल्यामुळे रस्त्याचा पोत हातापर्यंत पोचतो. या किमतीत चालवायला इतकी जिवंत गाडी मला दुसरी दिसत नाही. क्लच जड आहे. खरी अडचण पुढे आहे: फियाटने २०१९ मध्ये भारतातली विक्री थांबवली. साधे भाग मिळतात, पण केवळ अबार्थमध्ये असलेल्या भागांसाठी वाट पाहावी लागते. ही गाडी सुट्टीची म्हणूनच घ्यावी. घेण्याआधी आपल्या गावात फियाट जाणणारा मेकॅनिक आहे का, हे विचारून घ्या. नसेल तर मोह आवरा.

मारुतीची बलेनो आरएस २०१७ ची. ताकद १०२ पीएसच, पण वजन फक्त ९५० किलो. ताकदीचा आकडा एकटा पाहू नका, तो वजनाशी ताडून पाहा. त्याच इंजिनाला दीडशे किलो कमी ओढायचे असतील तर गाडी निघताना, थांबताना आणि वळताना, तिन्ही वेळा हलकी वाटते. अबार्थइतकी उत्कट ती नाही, पण सर्व्हिसिंगची चिंता सर्वांत कमी. पहिल्यांदाच अशी गाडी घेणाऱ्याला मी हिचंच नाव आधी सुचवेन.

टाटा टियागो जेटीपी २०१८ ची, ११४ पीएस ताकदीची. चांगली दिसली तर जरूर बघा, मात्र २०२० मध्येच ती बंद झाल्यामुळे तिचे खास बंपर, स्प्रिंग मिळणं अवघड. डिझेलची आवड असेल तर फोर्ड फिगो १.५ घ्या. १०० पीएसचं इंजिन, आणि खालच्या वेगातही घट्ट ओढ. बजेट थोडं ताणता आलं तर २०२१ नंतरची ह्युंदाई आय२० एन लाइनही पाहता येईल.

यादी झाली की गाडी पाहायला जाण्याआधी कागद पाहा. बरेच जण उलट करतात. गाडी मनात भरते आणि मग कागदांतल्या खोटीकडे डोळेझाक होते. मालकाकडून आरसीचा, म्हणजे नोंदणीपत्राचा फोटो मागवा आणि एमपरिवहन ॲपवर क्रमांक टाका. आपण कितवे मालक होणार, विमा चालू आहे का, कर्जाचा बोजा आहे का, हे कळतं. थकलेली ई-चलानंही तपासा. वेगवान गाड्यांवर ती जास्त सापडतात आणि मालकाने गाडी कशी चालवली, याचाही अंदाज त्यांवरून येतो.

परराज्यातली गाडी स्वस्त दिसली तर हिशोब पूर्ण करा. दिल्ली परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर निर्बंध आल्यापासून तिथल्या गाड्या कमी भावात बाहेर विकल्या जातात. ती महाराष्ट्रात नोंदवायची तर तिथल्या आरटीओची एनओसी, म्हणजे ना-हरकत दाखला लागतो आणि इथला रोड टॅक्स नव्याने भरावा लागतो. वाचलेले पैसे बरेचदा त्यातच जातात.

सर्व्हिसची बिलं मागा. मीटर मागे फिरवलेलं असेल तर ते इथेच उघड होतं: दोन वर्षांपूर्वीच्या बिलावर ७८,००० किलोमीटर आणि आज मीटरवर ५२,००० दिसले तर पुढे बोलण्यासारखं काही उरत नाही. बिलं नाहीत पण गाडी ‘एकदम टकाटक’ आहे, असं सांगणाऱ्यापेक्षा जास्त चाललेली पण सगळी बिलं जपलेली गाडी मला केव्हाही परवडते.

गाडी दिवसा, उजेडात पाहा. पावसात किंवा नुकत्या धुतलेल्या गाडीवर पोचे आणि रंगातला फरक लपतो. पत्र्यांमधल्या फटी दोन्ही बाजूंना सारख्या आहेत का ते बघा. बॉनेट उघडून बिजागऱ्यांचे बोल्ट पाहा. त्यांच्यावरचा रंग खरवडलेला असेल तर बॉनेट कधीतरी काढलं गेलं आहे. डिकीतली स्टेपनी उचलून खालचा पत्रा बघा. तिथे वेल्डिंगचे ओबडधोबड सांधे दिसले तर मागून जोराचा मार बसलेला असतो.

पुरात बुडालेल्या गाड्या ओळखणं विशेष महत्त्वाचं. २०१९ च्या कोल्हापूर-सांगलीच्या पुरासारख्या आपत्तीनंतर अशा गाड्या धुऊन-पुसून दूरच्या गावी विकायला येतात. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढा. शेवटच्या हातभर पट्ट्यावर मातीची रेघ दिसते, कारण तिथवर कुणी धूत नाही. सीटखालचे बोल्ट गंजलेले आणि गालिचाला कुबट वास असेल तर ती गाडी सोडा. वायरिंगमध्ये गेलेलं पाणी पुढे वर्षानुवर्षं त्रास देतं.

टायरच्या कडेवर चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. पाच-सहा वर्षांचे टायर नक्षी शिल्लक असली तरी कडक झालेले असतात. एकाच बाजूने झिजले असतील तर अलाइनमेंट किंवा सस्पेन्शनमध्ये दोष आहे.

आता इंजिन. मालकाला आधीच सांगून ठेवा की आपण येईपर्यंत गाडी सुरू करू नका. पोचल्यावर बॉनेटला हात लावून पाहा. तापलेलं असेल तर थंड इंजिनाची खडखड किंवा धूर लपवला असण्याची शक्यता असते. सुरू होताना निळसर धूर आला तर इंजिन किंवा टर्बो तेल जाळतं आहे. तेलाच्या झाकणाखाली दुधाळ थर दिसला तर पाणी तेलात मिसळत असेल. टायमिंग बेल्ट असलेल्या गाडीत तो कधी बदलला ते बिलावर शोधा, कारण हा पट्टा तुटला तर अनेक इंजिनांत व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळतात.

चालवून पाहताना रेडिओ बंद आणि काचा खाली. खड्ड्यांचा रस्ता, चढ आणि मोकळा रस्ता, तिन्ही हवेत. दोन क्लचच्या गाडीत पाय हलका ठेवून पहिल्यातून दुसऱ्या गिअरमध्ये जाताना थरथर जाणवते का ते बघा. हातगिअरच्या गाडीत तिसऱ्या गिअरमध्ये कमी वेगावरून एकदम ॲक्सिलरेटर दाबा. इंजिनाचा आवाज चढला आणि वेग मात्र वाढला नाही, तर क्लचप्लेट संपत आली आहे. मोकळ्या सरळ रस्त्यावर स्टिअरिंग सैल धरून ब्रेक लावा, गाडी एका बाजूला ओढते का पाहा.

मजेच्या गाड्यांची एक खास अडचण आहे: त्या मूळ रूपात क्वचित राहतात. रीमॅप म्हणजे इंजिनाच्या संगणकातली आज्ञावली बदलून ताकद वाढवणं. त्याने क्लच, गिअरबॉक्स आणि टर्बोवर कंपनीने न गृहीत धरलेला ताण येतो. विकताना जुनी आज्ञावली परत भरता येते, झीज मात्र परत जात नाही. मोठा सायलेन्सर, वेगळा एअरफिल्टर, कापलेल्या स्प्रिंगा दिसल्या तर थेट विचारा. नोंदणीतल्या तपशिलाशी न जुळणारे बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये अडकतात आणि विम्याचा दावाही त्यावरून अडू शकतो. दोन गाड्यांत निवड असेल तर कमी ताकदीची पण न छेडलेली घ्या.

एवढं झाल्यावरही टोकन देण्याआधी त्या कंपनीच्या गाड्या रोज उघडणाऱ्या मेकॅनिककडून ती लिफ्टवर चढवून तपासून घ्या. तो गाडीला स्कॅनर लावून साठलेले बिघाड-संकेतही वाचतो. हे संकेत नुकतेच पुसलेले निघाले तर विक्रेत्याला कारण विचारा. दोन-तीन हजार वाचवण्यासाठी ही पायरी गाळू नका. सापडलेल्या दोषांची यादी हाती असली की भाव करणंही सोपं जातं.

व्यवहार ठरल्यावर नमुना २९ आणि ३० सह्या करून भरावे लागतात. कर्ज फिटलेलं असेल तर बोजा उतरवण्यासाठी नमुना ३५ आणि बँकेचा दाखला. विक्रेत्याने चौदा दिवसांत विक्री कळवायची असते, आपण तीस दिवसांत नाव लावून घ्यायचं असतं. हे दोघांच्याही हिताचं आहे. अपघात झाला तर भरपाईची जबाबदारी नोंदणीतल्या मालकावर राहते, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये सांगितलं आहे. विमाही चौदा दिवसांत आपल्या नावे करायला टाका. आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, गाडीबरोबर आपल्याकडे येत नाही. हप्ता त्या हिशोबाने वाढेल.

गाडी घरी आली की बाजूला ठेवलेल्या लाखाला हात घाला. इंजिन ऑइल, गिअर ऑइल, कूलंट आणि ब्रेक ऑइल, आधीच्या मालकाने काहीही सांगितलं असलं तरी, सगळं बदला. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं आणि घाटाच्या उतारावर तापून उकळलं की पेडल पोकळ होतं. टायर जुने असतील तर चारही एकदम बदला. हे सगळं झाल्यावरच पहिल्या रविवारी घाटाकडे निघा. पहाटे लवकर, म्हणजे रस्ता मोकळा मिळेल.